हाडापासून लाकडापर्यंत: साखळी-करवतीचा मागोवा

झाडे कापणाऱ्या यंत्राची वंशावळ शोधायला निघालो, तर वाट एखाद्या घनदाट अरण्यात जाईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती जाते स्कॉटलंडमधल्या प्रसूतीच्या खोलीत. अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात एडिंबरोचे जॉन ऐट्किन आणि ग्लासगोचे जेम्स जेफ्री या दोन वैद्यांनी दातेरी साखळीची एक छोटी करवत वापरात आणली. घड्याळाच्या साखळीसारख्या बारीक कड्या, एका अंगाला दाते आणि दोन्ही टोकांना मुठी, असे तिचे रूप होते. अडलेल्या बाळंतपणात आईच्या जघनास्थींना जोडणारी कूर्चा कापून मुलाला वाट करून देण्यासाठी, तसेच सांध्यातले किडलेले हाड काढण्यासाठी ती आलटून-पालटून ओढली जाई. इथरची भूल जगाला माहीत झाली १८४६ मध्ये, म्हणजे त्याआधीच्या साठेक वर्षांत या साखळीखाली आलेल्या बायकांनी आणि रुग्णांनी ती शुद्धीवर राहून सोसली. १८३० च्या सुमारास वुर्त्सबर्गच्या बर्नहार्ड हाइने यांनी हीच साखळी एका पात्याभोवती गुंडाळली आणि ती हँडलने फिरवण्याची सोय केली. त्या अस्थिछेदक हत्याराचे चित्र आज कुणा झाडतोड्याला दाखवले, तर तो आपले यंत्र लगेच ओळखेल. पुढे १८९४ मध्ये फ्लॉरेन्सच्या लिओनार्दो जिग्ली या प्रसूतितज्ज्ञाने साधी दातेरी तार काढली आणि वैद्यकातला साखळीचा काळ मागे पडू लागला. शरीराला बरे करण्यासाठी जन्मलेले हत्यार इथून पुढे लाकडाकडे वळले. वळताना ते शरीराला विसरले, आणि त्या विसरण्याची कथाच आपल्याला पुढे पाहायची आहे.

याच दोन शतकांत आपल्या किनाऱ्यावर लाकूड कसे कापले जात होते? रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यात आरमाराच्या लाकडाविषयी जे कलम आहे, ते आजच्या वृक्ष अधिकाऱ्यानेही वाचावे असे आहे. सागवान लागेल तेवढे हुकुमाने तोडून आणावे, पण आंबा आणि फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. एखादे झाड फारच जुने झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. झाडाच्या आणि झाडाच्या मालकाच्या दुःखाचा एवढा विचार करणाऱ्या त्या मजकुरात कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या खांद्याचा विचार नाही. त्या काळाकडून तशी अपेक्षाही करू नये. १७३६ मध्ये जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले. त्यांच्या घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीतून सागवानी जहाजे बाहेर पडली. त्यातले १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ अजून इंग्लंडमध्ये तरंगते आहे. त्या जहाजांची प्रत्येक फळी हाताने चिरलेली होती. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एकाने वर उभे राहायचे, एकाने खड्ड्यात उतरायचे आणि दिवसभर मोठी करवत वर-खाली ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत आणि छातीत भुसा, वरच्याच्या कमरेत कळ. मुंबईतल्या वर्सोव्याच्या कोळ्यांच्या लाकडी होड्यांमागेही असेच हात असत. मजबूत होडीचे श्रेय मात्र सागाला आणि मेस्त्रीला मिळे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला गाडी सुटली आणि जंगलाचा हिशेबच बदलला. रुळाखाली स्लीपर हवेत, स्लीपरना साग हवा. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्येच वनसंरक्षक झाले होते. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली देशाचे वनखाते उभे राहिले आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांच्या रेषा पक्क्या झाल्या. जंगल कूपांत, म्हणजे तोडीच्या पट्ट्यांत, विभागले गेले, कूप ठेकेदाराला लिलावात जाऊ लागला आणि ठाणे जिल्ह्यातला वारली आपल्याच रानात मजूर झाला. त्याच्यावरच्या अन्यायाची नोंद १९३९ च्या सिमिंग्टन अहवालात सरकारी भाषेत आहे. त्याचा जिवंत पुरावा १९४५ ते १९४७ च्या वारली लढ्यात सापडतो. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याची आठवण आपण गवतकापणीच्या दरासाठी ठेवतो, पण १९४६ च्या संपात जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्नही तेवढाच मोठा होता. बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना कूप द्यायला सुरुवात केली, ती या पार्श्वभूमीवर. ठेकेदाराऐवजी संस्था आली, मजुरीवर बोलणे झाले. हत्यार मात्र कुऱ्हाड आणि दोघांची करवतच राहिले.

तिकडे जर्मनीत ते बदलून गेले होते. १९२६ मध्ये आंद्रेआस श्टील यांनी श्टुटगार्टजवळ विजेवर चालणारी साखळी-करवत केली. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलचे यंत्र चालवून दाखवले. त्याचे वजन ५८ किलो होते. दोन वर्षांनी आलेले श्टील यांचे पेट्रोल यंत्र ४६ किलोचे निघाले. दोन माणसांनी मिळून ते रानात न्यायचे, त्यामुळे लाकूड भराभर पडले तरी माणसाचे ओझे कमी झाले नाही. दुसरी मोठी अडचण दात्यांची होती. ते जुन्या हातकरवतीची नक्कल करून घडवलेले असत आणि लगेच बोथट होत. ही गाठ सोडवली एका किड्याने. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनच्या जंगलात जो कॉक्स हा लाकूडतोड्या लाकूड फोडता फोडता थबकला आणि बुंधा पोखरणारी एक जाड अळी पाहू लागला. ती लाकडाच्या रेषेतही कुरतडत होती आणि आडवीही, आपले दोन जबडे डावी-उजवीकडे फिरवत. कॉक्सने तिच्या जबड्यांची नक्कल पोलादात केली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला साखळ्यांचा धंदा सुरू केला. आजही बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साखळ्यांचे दाते त्या अळीच्या वंशातले आहेत. १९५० मध्ये श्टील यांचे एका माणसाने चालवायचे यंत्र आले, वजन १६ किलो, आणि १९५९ पर्यंत ते १२ किलोवर उतरले. दोघांचे काम आता एकटा करू लागला. हादरे मात्र दोघांत वाटले जाईनात.

या हादऱ्यांचे काय होते, हे वैद्यकाला तोपर्यंत ठाऊक नव्हते असे नाही. बोटे पांढरीफटक पडण्याचा विकार मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये वर्णिला होता. हवेच्या दाबावर चालणारे छिद्रक वापरणाऱ्या कामगारांत तो १९११ मध्ये इटलीत लोरीगा यांना दिसला, आणि १९१८ मध्ये अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी इंडियानातल्या बेडफर्डच्या चुनखडी घडवणाऱ्या पाथरवटांत तो पाहिला. सतत थरथरणाऱ्या मुठीने बोटांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आखडतात, संवेदना वाहणाऱ्या नसा बोथट होतात, आणि थंडीत बोटे मेणासारखी पांढरी पडतात. पुढे सदऱ्याचे बटण लावणेही कठीण होते. साखळी-करवतीच्या बाबतीत हे सारे जपानमध्ये ठळकपणे दिसले. १९५४ च्या सप्टेंबरातल्या तोया मारू वादळाने होक्काइदोतली जंगले आडवी केली, पडलेले लाकूड कुजण्याआधी उचलायचे म्हणून सरकारी वनखात्याने यंत्रे आणली, आणि दशकभरात कामगारांची बोटे पांढरी पडू लागली. १९६० च्या दशकाच्या मध्यास हा प्रश्न तिथल्या वार्तांत आला, व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य झाला, आणि १९७० च्या सुमारास एका माणसाने दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त यंत्र चालवू नये अशी मर्यादा घातली गेली. हे कामगार सरकारी होते, त्यांची नावे हजेरीपटावर होती आणि संघटना भक्कम होती, हे इथे ध्यानात ठेवावे.

याच काळात कारखानदारांनी इंजिन आणि मुठी यांच्यामध्ये रबराचे बफर घातले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साखळी क्षणात थांबवणारा ब्रेकही आला. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र झटक्याने उलटून अंगावर येते, आणि त्यात मान आणि खांदा सापडतो. तो धोका या ब्रेकने कमी केला. २००२ मध्ये युरोपीय संघाने आठ तासांच्या कामासाठी हादऱ्यांची कमाल पातळी ५ मीटर प्रति सेकंदवर्ग ठरवली आणि २.५ च्या पुढे मालकाला उपाय करणे भाग पाडले. पहिल्या विजेच्या करवतीपासून या नियमापर्यंत ७६ वर्षे गेली. वेग वाढवायला मात्र कुणी कधी थांबले नव्हते.

आता आपण वर्सोव्यात येऊ. १९७५ च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्ष कायद्याने शहरांत वृक्ष प्राधिकरणे आली आणि झाड तोडायला परवानगी लागू लागली. २०१८ च्या गणनेप्रमाणे मुंबईत २९ लाख ७५ हजार झाडे आहेत. वर्सोव्याच्या यारी रोडपासून सात बंगल्यापर्यंत रस्त्याकडेची झाडे पावसाळ्याआधी छाटली जातात, आणि १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळासारखा दिवस उगवला, कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर गेला आणि शहरभर दोन हजारांहून अधिक झाडे कोसळली, की छाटणीवाल्याला दिवस-रात्र उरत नाही. हा माणूस बहुधा ठेकेदाराचा. तो दोराने फांदीवर चढतो, खालून ‘कटर’ ओढून घेतो, एका हाताने फांदी धरतो आणि एका हाताने ते चालवतो. एका हाताने साखळी-करवत चालवू नये हा या धंद्यातला पहिला नियम, पण फांदीवर दुसरा हात तोल सांभाळायला लागतो. यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे असतो. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार, कानांना संरक्षण नसताना एवढा आवाज दिवसात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ऐकू नये. आपल्याकडे कानात बोळा आढळला तरी पुष्कळ.

इथे एक गोष्ट हवामानाने आपल्याविरुद्ध केली आहे. बोटे पांढरी पडायला थंडी लागते. विषुववृत्ताजवळच्या देशांत झालेल्या अभ्यासांत झाडतोड्यांच्या बोटांचा रंग फारसा बदलत नाही असे दिसले, पण मुंग्या, बधिरपणा आणि पकड कमी होणे हे सगळे आढळते. वर्सोव्याच्या दमट उन्हात दिसण्यासारखा पुरावा उमटत नाही. हात सुन्न झाला म्हणणाऱ्याला चार दिवस विश्रांती घे म्हणतात, आणि विश्रांतीच्या दिवसाची मजुरी नसते. जपानात रोग उघडकीला आला तो थंडीमुळे आणि हजेरीपटामुळे. आपल्याकडे दोन्हींचा अभाव आहे.

म्हणून शहरातल्या वादांचा हिशेब एकतर्फी राहतो. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने आरेतल्या मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तिथे करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्यासाठी कांदळवनाची ४५ हजारांहून अधिक झाडे तोडायला परवानगी दिली. झाडे आपण मोजतो, आणि ते योग्यच आहे. पण चिखलात गुडघाभर रुतून ती कापणाऱ्या हातांची मोजणी कुठल्याच कागदावर नाही. झाडावरचे प्रेम खरे असेल, तर त्याला या हातांचा विसर पडणे शोभत नाही.

हे हात बहुतेक वेळा आपणच कामाला लावतो. सोसायटीच्या आवारातल्या झाडासाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयाची परवानगी आणि ठेकेदाराचे दरपत्रक, दोन्ही सोसायटीचा सचिव मागतो. त्या दरपत्रकात कमीत कमी चार ओळी घाला: हेल्मेट, चष्मा आणि कानांचे संरक्षण, ब्रेक नीट चालणारे यंत्र, दोघांनी आलटून-पालटून काम आणि मधली विश्रांती, पडल्यास विमा. दर हजार-दोन हजाराने वाढेल. तो द्या.