भिंतीवरच्या नर्तकीचे पुढचे पाऊल

लांब बाह्यांचे झोके, हवेत तरंगणारी रेशमी वस्त्रे आणि कमरेतून वळलेली देहाकृती पाहिली की चीनचे 'शास्त्रीय नृत्य' हजारो वर्षे अखंड चालत आले असावे, असे वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. थांग राजवटीच्या दरबारात नृत्याला मोठे वैभव होते, पण पुढच्या शतकांत ते स्वतंत्र कला म्हणून क्षीण झाले आणि बरेचसे संगीत नाटकात मिसळून गेले. आज दिसणाऱ्या नृत्याची शिस्तबद्ध घडण झाली ती १९५० नंतर.

या घडणीत पुढे असलेली दाई आयलियान १९१६ साली चीनपासून फार दूर, त्रिनिदाद बेटावर जन्मली. तिचे शिक्षण लंडनमध्ये, तेही बॅलेचे. १९४० मध्ये ती हाँगकाँगला आली, तेव्हा तिला चिनी भाषा धड बोलता येत नव्हती. युद्धाच्या धामधुमीत तिने सीमाभागांतल्या जमातींची नृत्ये शिकून घेतली आणि १९४६ मध्ये चुंगचिंगमध्ये ती रंगमंचावर आणली. १९५४ साली बीजिंग नृत्यविद्यालय सुरू झाले, तेव्हा पहिली प्राचार्य तीच होती. तिथे कुन्छूसारख्या जुन्या संगीत नाटकांतल्या नटांकडून हात, नजर आणि पदन्यास यांचे धडे घेतले गेले, तर अंग तयार करण्याची बरीचशी पद्धत सोव्हिएत बॅले शिक्षकांकडून आली. या दोहोंच्या मिश्रणालाच पुढे 'शास्त्रीय' हे नाव मिळाले.

सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात, १९६६ ते १९७६ या काळात, हे काम थांबले. दाई आयलियानला शेतावर राबायला पाठवले गेले. रंगमंचावर उरली ती 'लाल महिला तुकडी'सारखी मोजकी, सरकारमान्य 'आदर्श' नाट्ये.

म्हणूनच १९७९ साल महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी कान्सू प्रांताच्या नृत्यमंडळीने 'रेशीममार्गावरील पुष्पवर्षाव' हे नृत्यनाट्य सादर केले. त्यासाठी कलावंतांनी दुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांतील भित्तिचित्रांचा अभ्यास केला. ११२ क्रमांकाच्या लेण्यातली नर्तकी एक पाय उचलून, पिपा हे तंतुवाद्य पाठीमागे धरून वाजवते. नाट्यातल्या नायिकेची, इंगन्यांगची, हीच प्रसिद्ध स्थिती.

पण भिंत स्थिती देते, गती देत नाही. उचललेला पाय पुढे कुठे पडला, वाद्य पाठीमागे कसे गेले, श्वास कुठे घेतला, हे चित्रात कुठेच नाही. दोन स्थितींमधली ही रिकामी जागा १९७९च्या आसपासच्या माणसांनी भरली. पुढे काओ चिनरोंग यांनी त्यातून दुनहुआंग नृत्याचा अभ्यासक्रम बांधला. त्याची ओळख म्हणजे मान, कंबर आणि गुडघा यांतून तीन ठिकाणी वाकलेला देह. आपण त्याला त्रिभंग म्हणतो. अजिंठ्याच्या भिंतींवर तो आपण पाहिलेला आहे. डोंगरात बौद्ध लेणी कोरण्याची प्रथा भारतातून मध्य आशियामार्गे दुनहुआंगला पोचली, तेव्हा देह रेखाटण्याची ही रीतही सोबत गेली. ज्याला आज अस्सल चिनी म्हणतात, त्यात असे दूरचे धागेही विणलेले आहेत.

२०२१ चे 'केवळ हा हिरवा-निळा' हे नृत्यनाट्य याच वाटेवर आणखी पुढे जाते. चौ लिया आणि हान चेन या दिग्दर्शिकांनी आधार घेतला तो वांग शीमेंगच्या, इसवी सन १११३ च्या, सुमारे बारा मीटर लांबीच्या निसर्गचित्राचा. त्यात नर्तकीच नाही. आहेत ते मुख्यतः डोंगर आणि पाणी. उंच केशरचना केलेल्या, हिरव्या-निळ्या वेषातल्या नर्तकी संथपणे मागे झुकतात आणि डोंगरांचे कडे होतात. ही निर्मिती करणारी बीजिंगची संस्था ज्या मंडळीची वारस आहे, ती १९६२ मध्ये भारतासह इतर देशांची नृत्ये शिकून सादर करण्यासाठी स्थापन झाली होती.

या नृत्याला सरसकट 'प्राचीन' म्हणण्याने त्याचा गौरव होतो, असे वाटत असेल. प्रत्यक्षात त्या एका शब्दाने माणसे पुसली जातात. बॅले शिकून आलेली परदेशस्थ मुलगी, आपली विद्या मोकळेपणाने देणारे जुने नट, लेण्यांमधली चित्रे न्याहाळणारे नर्तक, शेतावर गेलेली वर्षे, हे सारे त्या शब्दाआड दडते. परंपरा ज्यांनी घडवली, त्यांची नावे आणि साले लिहून ठेवल्याने तिचे तेज कमी होत नाही. भिंतीवरची नर्तकी आहे तशीच, एक पाय उचलून, उभी आहे. तिचे पुढचे पाऊल कोणी टाकले, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.