हट्ट्याहून देवगिरीस

राजधानी पाहावयास जाणें ही गोष्ट आज इतकी सोपी झाली आहे, कीं तिच्यांत नवल वाटण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत हट्टा म्हणून गांव आहे. हळद शिजवून, वाळवून बाजारांत गेली आणि हातीं चार पैसे आले, कीं तेथील एखादें जोडपें मुलांना आजीपाशीं ठेवून दोन-चार दिवस बाहेर पडतें. परभणीस आगगाडी धरावी, जालना मागें टाकावें, पूर्वीचें औरंगाबाद म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर ओलांडावें आणि दौलताबादेस उतरावें. महाद्वारापाशीं तिकीट काढलें, कीं यादवांची राजधानी देवगिरी त्या दोघांस मोकळी होते. या साध्या प्रवासामागें सातशें वर्षांहून अधिक इतिहास उभा आहे. त्या इतिहासांत राजधानींत माणसें कोणत्या निमित्तानें येत, हें शोधूं गेल्यास केवळ हौसेखातर आलेलें माणूस सांपडणें मोठें कठीण जातें.

हट्टा ज्या मुलुखांत वसलें आहे त्या मुलुखास राजधान्यांची वाण कधींच नव्हती. चौथ्या शतकांत वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमाहून, राज्य करीत होती. त्या शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीनें आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं दिलेल्या ताम्रपटांत नांदेडच्या उत्तरेकडील मार्गावरचें एक गांव ब्राह्मणांस दान दिल्याची नोंद आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा भिल्लमानें देवगिरीस राजधानी केली आणि हा प्रांत तिच्या छत्राखालीं आला. १३१८ सालीं यादवांचें राज्य बुडालें व दिल्लीचा अंमल बसला. १३४७ सालीं बहामनी राज्याची स्थापना झाली आणि राजधानी गुलबर्ग्यास व पुढें बिदरास गेली. मोगलांच्या काळीं दक्षिणेचा कारभार औरंगाबादेहून चाले. निजामानें १७६३ च्या सुमारास आपली राजधानी तेथून हैदराबादेस हलविली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्र झाला, तेव्हांपासून मुंबई ही राजधानी. मुलूख जागचा हलला नाहीं. राजधान्या मात्र हलत राहिल्या. त्या प्रत्येकीस या काळ्या जमिनीनें सारा दिला. सारा देणाऱ्या कुणब्यानें आपल्या कारभारणीस बरोबर घेऊन ती राजधानी सहज म्हणून पाहून यावी, ही मात्र त्या काळाच्या कल्पनेंतच न बसणारी गोष्ट होती.

देवगिरीस पोंचल्यावर हट्ट्याच्या माणसांना सगळेंच परकें वाटत नाहीं. औंढा नागनाथाचें देऊळ त्यांच्या नित्य पाहण्यांतलें आहे. त्या देवळाच्या तळच्या भागांतील कोरीव दगड ज्यांनीं लहानपणापासून पाहिला, त्यांना देवगिरीच्या मोठ्या मशिदींतले खांब तेव्हांच ओळखूं येतात. कुत्बुद्दीन मुबारकशहानें १३१८ सालीं ही मशीद उभी केली ती जुन्या देवळांचे खांब लावून. आणि हैदराबाद संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झाल्यावर त्याच वास्तूंत भारतमातेची मूर्ति बसविण्यांत आली. जवळच हत्तीहौद आहे. दीडशें फुटांहून अधिक लांब, जवळजवळ तितकाच रुंद आणि वीस फुटांहून अधिक खोल असा हा हौद पाहिला, कीं पुरुष त्याची बांधणी न्याहाळतो. बाई मात्र एवढें पाणी येथें कोठून येत असे आणि तें शहराला किती दिवस पुरत असे, हें विचारते. राजधानी कशी जगत होती, याचें उत्तर तिच्याच प्रश्नांत आहे. पलीकडे चांदमिनार, वरती तासलेला कडा, खालीं खडकांत खोदलेला खंदक आणि त्यापुढें अंधारी. शत्रूनें त्या काळोख्या वाटेंत पाऊल टाकलें, तर वरच्या तोंडाशीं विस्तव पेटवून सगळी वाट धुरानें कोंडावी, अशी तेथें योजना होती. गड बांधणारानें पाहुण्याचा विचार केला नव्हता. विचार केला होता तो शत्रूचा.

तो शत्रु आला १२९६ सालीं. अल्लाउद्दीन खिलजीनें अकस्मात् चाल केली, तेव्हां रामदेवराव बेसावध होता आणि त्याचा पुत्र शंकरदेव सैन्यासह दूर गेला होता. राजा घाईघाईनें गडावर चढला. खालच्या शहरांतले व्यापारी व रयत लुटणारांच्या हातीं सांपडली. फिरिश्ता सांगतो, कीं धान्य समजून गडावर नेलेल्या गोण्या उघडल्या तेव्हां त्या मिठाच्या निघाल्या आणि राजास शरण जाणें भाग पडलें. ज्या बाईचें आयुष्य हळदीच्या आणि ज्वारीच्या पोत्यांत गेलें तिला ही हकीकत पटणें कठीण. पोत्यांत मीठ आहे कीं दाणा आहे, हें उचलणाऱ्याच्या हातालाच कळतें. फिरिश्त्यानें हें सर्व तीनशें वर्षांनंतर लिहिलें असल्यामुळें अशा शंकेला जागाही आहे.

त्याच फिरिश्त्याच्या ग्रंथांत १३०६-०७ च्या सुमाराची दुसरी एक हकीकत आहे. गुजराथचा राजा कर्ण वाघेला राज्य गमावून बसला होता. त्याची कन्या देवलदेवी ही शंकरदेवाला द्यावयाची ठरली आणि यादवांची माणसें तिला घेऊन देवगिरीकडे निघालीं. त्या वेळीं दिल्लीच्या फौजेची छावणी जवळच पडली होती. तिच्यांतले तीन-चारशें शिपाई सरदाराची परवानगी काढून वेरूळचीं लेणीं पाहावयास गेले. वाटेंत त्यांची गांठ अचानक या वधूच्या लवाजम्याशीं पडली. झटापट झाली, देवलदेवी हातीं लागली आणि देवगिरीऐवजीं तिची पाठवणी दिल्लीस झाली. या हकीकतीच्या खरेपणाविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु देवगिरीच्या जुन्या इतिहासांत प्रेक्षणीय स्थळ पाहण्याच्या हौसेनें माणसें बाहेर पडल्याचा हा ठळक उल्लेख आहे, आणि तीं माणसें हत्यारबंद होतीं. त्यांच्या सहलीची किंमत एका मुलीनें दिली.

पुढें वीस वर्षांनीं याच राजधानीच्या वाटेवर खरोखरच कुटुंबेंच्या कुटुंबें लागलीं. १३२७ सालीं महंमद तुघलकानें देवगिरीस दौलताबाद असें नांव देऊन राजधानी दिल्लीहून येथें आणण्याचा हुकूम सोडला. सगळी दिल्ली ओस पडली असें जुन्या लेखकांनीं लिहिलें. आजचे अभ्यासक म्हणतात, कीं हलविले गेले ते मुख्यतः अमीर-उमराव, विद्वान्, सूफी व त्यांचे परिवार. तरीही तो आंकडा लहान नव्हता. इब्न बतूता या दोन शहरांमधलें अंतर ४० दिवसांच्या वाटेचें सांगतो आणि रस्त्याच्या दुतर्फा झाडें लाविलेलीं होतीं असें लिहितो. सांवली होती, परंतु जाणें न जाणें हातीं नव्हतें. कांहीं वर्षांनीं परत फिरण्याची मुभा मिळाली, तोंपर्यंत पुष्कळांचीं थडगीं जवळच्या खुलदाबादेस झालीं होतीं. स्वतः इब्न बतूता १३४२ च्या सुमारास येथें आला तो चीनकडे निघालेला सुलतानाचा वकील म्हणून. त्यानें येथल्या गाणाऱ्यांच्या बाजाराचें कौतुक केलें आहे, आणि गडावरच्या बंदिखान्यांत मांजरांहून मोठे उंदीर असतात हेंही नमूद केलें आहे.

सोळाव्या शतकांत एक मुलगा मात्र आपल्या मनानें या गडावर आला. पैठणचा एकनाथ देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांजकडे गुरु शोधीत आला. स्वामींच्या उपासनेसाठीं गडाचा कारभार दर गुरुवारीं बंद असे, अशी परंपरा आहे. या राजधानीच्या कथांत सुट्टीचा दिवस आढळतो तो येथें. आणि तोही देवाच्या नांवें.

बाकीच्यांना सुट्टी नव्हती. २५ जुलै १६२९ रोजीं सिंदखेडचे लखुजी जाधवराव निजामशहाच्या दरबारांत मुजऱ्यास गेले आणि तेथेंच मुलांनातवासह मारले गेले. जिजाबाईंचें माहेर त्या एका दिवसांत उणें झालें. १६८७ सालीं गोवळकोंडा पडल्यावर शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा यास औरंगजेबानें येथें चिनी महालांत कैदेंत ठेवलें आणि त्याचा अंत येथेंच झाला. ज्या हैदराबादेवर तो राज्य करीत होता, तीच पुढें हट्ट्याच्या मुलुखाची राजधानी झाली.

त्या हैदराबादेस मराठवाड्याची रयत जाई ती दाद मागावयास, किंवा खटल्याच्या तारखेस. दरबारची भाषा आधीं फारसी व १८८४ पासून उर्दू. त्यामुळें मराठी शेतकऱ्याला आपलेंच गाऱ्हाणें दुसऱ्याकडून लिहवून घ्यावें लागे. हिंगोलीस तर १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. सत्ता डोळ्यांसमोर कवाईत करीत होती, तिच्या राजधानीला पाहण्याची हौस कोणाला वाटावी? पुढें १९१४ सालीं त्याच संस्थानानें पुराणवस्तु-संशोधनाचें खातें काढलें आणि गुलाम यजदानी यांच्या देखरेखीखालीं अशा स्थळांची निगा राखली जाऊं लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. त्यानंतर हा गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रक्षणाखालीं आला. ज्या दरवाजांतून आंत जाण्यास सरदाराला परवाना आणि कैद्याला बेड्या लागत, तेथें आतां तिकिटाचे चार पैसे लागतात, आणि तें तिकीट हट्ट्याच्या बाईलाही मिळतें. दरवाजा तोच आहे; त्याच्याशीं असलेलें माणसाचें नातें पालटलें आहे.

म्हणून या जोडप्याच्या चार दिवसांच्या प्रवासास केवळ करमणूक म्हणून बाजूस सारणें योग्य होणार नाहीं. अंधारींतून बाहेर पडल्यावर बारादरीच्या सज्जांत दोघें दम खातात. खालीं सगळी राजधानी पसरलेली दिसते: तट, मिनार, हौद आणि मधून मधून पिकलेलीं शेतें. ज्यांच्या पूर्वजांच्या घामावर असे गड उभे राहिले, तीं माणसें कोणाचा हुकूम नसतां, कोणाचें भय नसतां तो पाहत बसतात. दुसऱ्या दिवशीं तीं वेरूळास जातात. ज्या मुलुखांत लेणीं पाहावयास निघालेल्या शिपायांनीं एका वधूची वाट अडविली असें फिरिश्ता सांगतो, त्याच मुलुखांतून एस. टी. च्या एका बांकावर शेजारीं शेजारीं बसून तीं लेणीं पाहून येतात, आणि संध्याकाळीं मुलांसाठीं खाऊ घेऊन परभणीच्या गाडीची वाट पाहतात.