सहा पेन्स आणि सदुसष्ट रात्री

गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातली घासाघीस बाजाराइतकीच जुनी आहे. भाजीवाली भाव चढवते, आपण दोन पावले पुढे जातो, ती मागून हाक मारते आणि सौदा मधल्या भावात पटतो. पण पुढे जायला दुसरे दुकानच नसेल तर? १८०९ साली लंडनच्या नाटकवेड्या लोकांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी त्याचे जे उत्तर दिले, त्यामुळे शहरातल्या एका मोठ्या थिएटरात तीन महिने एकही नाटक धड ऐकू आले नाही!

त्या काळी लंडनमध्ये कोणीही उठावे आणि नाटक कंपनी काढावी, अशी सोय नव्हती. दुसऱ्या चार्ल्स राजाने दोन मंडळ्यांना सनदा दिल्या होत्या आणि दीडशे वर्षे गंभीर नाटकाचा मक्ता त्या सनदांकडेच चालत आला होता. एक थिएटर ड्रुरी लेनचे, दुसरे कॉव्हेंट गार्डनचे. २० सप्टेंबर १८०८ च्या पहाटे कॉव्हेंट गार्डन जळाले. वीसांहून अधिक माणसे त्या आगीत दगावली. कपडेपट, पडदे, नाटकांच्या वह्या, सारे खाक झाले. पाच महिन्यांनी, फेब्रुवारी १८०९ मध्ये, ड्रुरी लेनही जळाले. त्याची मंडळी लायसियम थिएटरात उसने बिऱ्हाड थाटून राहिली.

कॉव्हेंट गार्डनचा व्यवस्थापक जॉन फिलिप केंबल हा त्या पिढीचा पहिल्या प्रतीचा नट, आणि थिएटरात त्याची भागीदारीही होती. सुप्रसिद्ध नटी सेरा सिडन्स ही त्याची सख्खी बहीण. माणूस हिमतीचा. त्याने वर्षभरात नवे, भव्य थिएटर उभे केले. खर्च सुमारे दीड लाख पौंड. नेपोलियनशी युद्ध चाललेले, लाकूड-लोखंडापासून मजुरीपर्यंत सारे महागलेले. तेव्हा मालकांनी हिशेब केला आणि दर वाढवले. बॉक्सचे सहा शिलिंग होते, ते सात झाले. पिटाचे साडेतीन होते, ते चार. पिटाची वाढ म्हणजे अवघी सहा पेन्सांची.

पिट हा शब्द आपल्या संगीत नाटकांच्या जमान्यातही घरोघर ठाऊक होता. लंडनच्या पिटात वकील, कारकून, व्यापारी, वर्तमानपत्रवाले बसत. नाटकाचे आपणच खरे पारखी, असा त्यांचा समज होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. १८ सप्टेंबर १८०९ रोजी नवे थिएटर ‘मॅक्बेथ’ नाटकाने उघडले. पडदा वर गेला, केंबल पुढे आला आणि पिटातून एकच गर्जना उठली : ‘ओल्ड प्रायसेस!’ जुने दर! मॅक्बेथचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता. लेडी मॅक्बेथ झालेल्या सिडन्सबाईंचीही तीच गत. शेवटी मॅजिस्ट्रेट रंगमंचावर येऊन दंगाबंदीचा कायदा वाचू लागले, तर लोकांनी त्यांचाही आवाज बुडवला.

सहा पेन्सांसाठी एवढे? असे आज कोणीही विचारील. लोकांचा खरा राग मात्र दराच्या पाटीवर नव्हता, तो थिएटरच्या भिंतींवर होता. नव्या इमारतीत तिसरा मजला सबंधच्या सबंध खाजगी बॉक्सना दिला होता. त्यांच्या मागे स्वतंत्र खोल्या, आणि भाडे वर्षाला तीनशे पौंड. सरदार-उमरावांनी तिथे पडद्याआड बसावे. त्यांना जागा करून देण्यासाठी सामान्य प्रेक्षक आणखी वर ढकलला गेला. गॅलरीचे दर वाढवले नव्हते हे खरे. पण वरच्या गॅलरीत कमानींच्या आत असे कोंडून बसावे लागे की तिथून नटाचे पायच तेवढे दिसत. लोकांनी त्या जागेला ‘कबुतरांची खुराडी’ असे नाव ठेवले. शिवाय आंजेलिका कातालानी या इटालियन गायिकेला भरमसाट पगारावर आणल्याची बातमी होती. म्हणजे पैसे आम्ही जास्त भरायचे आणि थाट दुसऱ्यांचा व्हायचा, असा हा मामला लोकांना दिसला.

केंबलने थिएटर काही दिवस बंद ठेवले आणि हिशेब तपासायला प्रतिष्ठितांची समिती नेमली. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नरही तीत होते. समितीने सांगितले की गेली सहा वर्षे मालकांना सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास नफा झाला आणि नव्या दरांनीही साडेतीन टक्क्यांवर तो जाणार नाही. हे आकडे कदाचित खरेही असतील! पण निकाल तेवढा छापला. वही कोणाला दाखवली नाही. लोकांनी तो फेटाळला. कातालानीचा करार मात्र रद्द झाला.

४ ऑक्टोबरला थिएटर उघडले आणि दंगलीला जत्रेचे रूप आले. घंटा, शिंगे, खुळखुळे आले. नव्या दराची शवपेटी निघाली आणि मयताचे वय सहा दिवस असल्याचे लिहिले गेले. टोप्यांवर ‘ओ. पी.’ ही अक्षरे झळकू लागली, तशी पदके विकली जाऊ लागली. पाय आपटत करायचा ‘ओ. पी. नाच’ निघाला. तिसऱ्या अंकानंतर अर्ध्या दरात प्रवेश मिळे. तेव्हा पुष्कळ मंडळी त्या वेळी येत आणि मग गोंगाट टिपेला पोहोचे. गंमत पाहा, दराविरुद्ध ओरडायलाही तिकीट काढावेच लागत होते.

या जत्रेची एक बाजू मात्र काळी आहे. केंबलने पिटात दंडेलीसाठी डॅनियल मेंडोझा वगैरे मुष्टियोद्धे बसवले. त्यांतले काही ज्यू होते. एवढे निमित्त पुरले आणि फलकांवर सबंध ज्यू समाजाची निंदा सुरू झाली. कातालानीलाही परकी म्हणून शिव्या खाव्या लागल्या होत्या. न्याय मागणाऱ्या गर्दीलाही अन्याय करता येतो, तो असा.

लढ्याचा निकाल लागला तो कोर्टात. ३१ ऑक्टोबरला हेन्री क्लिफर्ड हा बॅरिस्टर टोपीत ‘ओ. पी.’ लावून आला. बॉक्सची व्यवस्था पाहणाऱ्या ब्रँडनने त्याला पकडून दिले. मॅजिस्ट्रेटने त्याला सोडले, आणि क्लिफर्डने ब्रँडनवरच बेकायदा अटकेचा दावा ठोकला. न्यायमूर्ती मॅन्सफील्ड यांचे मत स्पष्ट होते : प्रेक्षकाने क्षणाच्या ऊर्मीने टाळी द्यावी किंवा शीळ घालावी, पण ठरवून, संगनमताने नाटक बंद पाडणे ही दंगलच. ज्यूरीने हे सारे ऐकून घेतले आणि कौल दिला क्लिफर्डला! भरपाई पाच पौंडांची. रक्कम किरकोळ होती, पण केंबलला उमजायचे ते उमजले.

१४ डिसेंबरला ‘क्राउन अँड अँकर’ या खाणावळीत आंदोलकांची मेजवानी होती. केंबल तिथे स्वतः गेला. तह ठरला : पिटाचा दर पुन्हा साडेतीन शिलिंग, खाजगी बॉक्स कमी करायचे, खटले मागे घ्यायचे, बॉक्सचे सात शिलिंग मात्र कायम. केंबलने रंगमंचावरून माफी मागितली आणि पिटात फलक वर गेला : ‘आमचे समाधान झाले.’ सदुसष्ट रात्री चाललेले भांडण मिटले. पुढल्या वर्षी खाजगी बॉक्सचे वचन पुरते पाळलेले दिसेना, तेव्हा पुन्हा आरडाओरडा झाला आणि मालकांना पुन्हा नमावे लागले.

हा विजय अर्धाच होता. ज्यांचा आवाज मोठा, त्या पिटाला सहा पेन्स परत मिळाले. गॅलरीवालेही तितक्याच जोराने ओरडले होते, पण त्यांची खुराडी तहाच्या कलमांत शोधून सापडत नाहीत. सनदांचा मक्ता तर १८४३ च्या कायद्याने मोडला, म्हणजे आणखी चौतीस वर्षांनी.

केंबल लबाड होता असे म्हणवत नाही. आगीत होरपळलेल्या धंद्याला दरवाढ लागली असेलही. पण त्याने गिऱ्हाइकाला विचारले नाही, हिशेबाची वही उघडली नाही, आणि त्याच वेळी बड्यांसाठी निराळा जिना बांधला. महागाई माणूस कुरकुरत का होईना सोसतो. आपल्या पैशांनी आपलीच जागा खाली सरकवली जाते आहे असे दिसले, की सहा पेन्सही त्याला सोसवत नाहीत.