पद्मिनीची ठिणगी

बाबांची प्रीमियर पद्मिनी विकायला काढली, आणि नेमकी गिऱ्हाईकासमोर ती सुरूच होईना. स्टार्टर नुसता घुरघुरत राहिला. मिस्त्री आले, डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, पॉइंट पॉलिश पेपरने घासले. "करंटच तुटत नव्हता नीट, मालक." मला म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, जरा बॅटरी धरा." पदवीचा तेवढाच उपयोग झाला.

'करंट तुटत नव्हता' हे मला उलटं वाटलं. पण खरी गंमत तुटण्यातच आहे. १२ व्होल्टची बॅटरी कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून करंट सोडते आणि तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं. त्या झटक्याने शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. रोटर ते पाळीपाळीने चार प्लगांकडे पाठवतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या! पॉइंट काजळले की सगळंच बिघडतं.

ही रचना चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरची, १९१० च्या कॅडिलॅकमधली. गाडीचा आराखडा इटलीच्या फियाट ११०० चा. म्हणून बाबा म्हणतात, "हिच्यात आपलं काय आहे?"

आपलं आहे की. सोलापुरात वालचंद म्हटलं की कॉलेज आठवतं, माणूस क्वचितच. वालचंद हिराचंद इथेच १८८२ मध्ये जन्मले. परकं सरकार उत्साह दाखवत नसताना त्यांनी मोटार कारखान्याचा हट्ट धरला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाट आली. वालचंद १९५३ मध्ये गेले. 'पद्मिनी' हे नाव गाडीला १९७४ मध्ये मिळालं. नुसती जोडणी म्हणून तिला हिणवणं मला पटत नाही. सुटे भाग इथे बनू लागले, ते दुरुस्त करणारे हातही इथेच तयार झाले.

आजच्या गाडीत पॉइंट नाहीत. करंट ट्रान्झिस्टर तोडतो, कधी ते माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलेला कोड ठरवतो. तो काही पॉलिश पेपरने घासता येत नाही.

मिस्त्रींनी फीलर गेजने फट मोजली, झाकण बसवलं. पहिल्याच चावीला गाडी सुरू. गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं. बाबांनी त्याला परत फोन केला नाही.