पाळण्याखाली उभा असलेला माणूस

आमच्या घरी सध्या एका मोहिमेची तयारी चालू आहे. वर्षानुवर्षे पोरांना इतिहास शिकवणाऱ्या शाळामास्तराने ‘मोहीम’ हा शब्द जपून वापरावा, हे मला कळते. पण पाच वर्षांच्या मुलीला घेऊन सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून निघायचे, खोपोलीजवळचे ते अवाढव्य क्रीडोद्यान (हल्लीच्या भाषेत थीम पार्क) एका दिवसात पाहायचे आणि सर्वांनी धडधाकट घरी परतायचे, याला दुसरा शब्द मला तरी सुचत नाही.

तयारी जोरात आहे. सौ.ने टोपी, पाण्याची बाटली, बदलायचे कपडे आणि पोट बिघडल्यास हाताशी असावा म्हणून ओवा अशी यादी केली आहे. माझ्याकडे खर्चाचा अंदाज आला. आणि मोहिमेचे सरसेनापती, म्हणजे आमची सई, रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहतात. कारण असल्या ठिकाणी मोठ्या पाळण्यांच्या रांगेशी उंची मोजण्याची पट्टी असते आणि त्या पट्टीपुढे वशिला चालत नाही. सई साडेतीन फुटांना दोन बोटे कमी भरते. ती दोन बोटे दिवाळीपर्यंत वाढावीत म्हणून दुधाचा पेला हल्ली न सांगता रिकामा होतो.

हिशेब मांडताना मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहज विचारले, “आप्पा, तुम्हीपण चला की.”

“मी कशाला? तिघांचीच तिकिटं काढ. आलोच, तर तिथं बाकावर बसंन. पाळण्यात मला चक्कर येते, तुला ठाऊक आहे.”

ते मला ठाऊक होते. लहानपणापासून ठाऊक होते. पण बाकावर बसण्याचे त्यांचे ते बोलणे मनात राहिले, आणि शाळेच्या कपाटातली जुनी पुस्तके काढून मी या पाळण्यांचाच इतिहास वाचत बसलो. राजे, लढाया आणि तह यांच्या सनावळ्या पाठ करून घेणाऱ्या मला, मौजेलाही सनावळी असते हे या वयात कळले.

आपल्या जत्रेतला तो लाकडी, हाताने फिरवायचा पाळणा किती जुना असेल? १६२० साली पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी कॉन्स्टॅन्टिनोपलहून मायदेशी निघाला होता. आज बल्गेरियात असलेल्या प्लोव्हदिव या गावी त्याने तुर्कांच्या बैराम सणातले पाळणे पाहिले आणि त्यांची चित्रेही काढून ठेवली. त्यांत एक उभे चाक होते. त्याच्या कडेला आसने टांगलेली, आसनांत मुले बसलेली, आणि चाक फिरवायला माणसे! हाच मंडी पुढे १६२८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला. म्हणजे शिवराय जन्मण्याच्या आधीच आकाशपाळण्याचे वर्णन करणारा माणूस आपल्या दाराशी येऊन ठेपला होता!

गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांचे मूळ तर थेट रणांगणात आहे. युरोपातली सरदारांची पोरे लाकडी घोड्यावर बसून, टांगलेल्या कडीत भाल्याचे टोक अडकवण्याचा सराव करीत. लढाईची रीत बदलली, भाले गेले, आणि घोडे मात्र पोरांसाठी मागे राहिले. चढउतारांच्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीचे मूळ रशियाच्या बर्फात आहे. तेथे लाकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून उंच घसरगुंड्या करीत. गंमत अशी, की फ्रेंच लोक या खेळाला ‘रशियन डोंगर’ म्हणतात, आणि खुद्द रशियन लोक ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. आपल्या किंकाळ्यांचे श्रेय कोणीच घेऊ इच्छीत नाही!

हे सारे खेळ एका कुंपणात आणून, दाराशी तिकीट लावून चालवण्याचा उद्योग मात्र पुढचा. कोपनहेगन येथील टिव्होली हे उद्यान १८४३ च्या १५ ऑगस्टला उघडले. ते काढणारा गेऑर्ग कार्स्टेन्सेन मोठा हिकमती. शहराच्या तटाबाहेरची जागा मिळावी म्हणून त्याने राजाची समजूत घातली, की प्रजा मौजेत रमली म्हणजे राजकारणाच्या भानगडीत पडत नाही. राजाला हे पटले यात नवल नाही. कोणत्याही राजाला पटेल. तटाच्या खंदकाचा एक भाग आजही त्या बागेतले तळे होऊन राहिला आहे. मुलांच्या गोष्टींचा राजा हान्स अँडरसन त्याच वर्षी या बागेत गेला, तेथला चिनी थाट पाहिला, आणि त्याच दिवसांत त्याची बुलबुलाची गोष्ट जन्माला आली. पुढे १९४४ साली, नाझींच्या अमलात, त्यांच्या हस्तकांनी या बागेचा मोठा भाग जाळला. थोड्याच आठवड्यांत ती पुन्हा उघडली. हसण्याची जागाही कधी कधी मोर्चा असते, ती अशी.

मग आले १८९३ साल आणि शिकागोचे जागतिक प्रदर्शन. (आपल्याला ते स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ठाऊक असते. त्यांची धर्मपरिषद या प्रदर्शनाच्या निमित्तानेच भरली होती.) चार वर्षांपूर्वी पॅरिसने आयफेल मनोरा उभारला होता. त्याला उत्तर हवे होते. जॉर्ज फेरिस नावाच्या तरुण इंजिनिअरने ते दिले. ते म्हणजे २६४ फूट उंचीचे पोलादी चाक. त्याला ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसे. म्हणजे एका वेळी २,१६० माणसे आभाळात. माझी विद्या मॅट्रिकपुरती असली तरी हा गुणाकार मी दोनदा करून पाहिला. तिकीट पन्नास सेंट होते. फेरिसला मात्र हे चाक लाभले नाही. देण्याघेण्याच्या वादांत अडकलेला तो बुद्धिमान माणूस १८९६ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला. चाक १९०६ साली सुरुंग लावून पाडले. नाव तेवढे राहिले. इंग्रजीत आकाशपाळण्याला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

त्या प्रदर्शनाच्या बांधकामावर एलायस नावाचा एक सुतार राबत होता. त्याचे नाव लक्षात ठेवावे. त्याच्या मुलाची गाठ पुढे पडणार आहे.

त्याआधी न्यूयॉर्कजवळचा कोनी आयलंड हा समुद्रकिनारा पाहिला पाहिजे. १८८४ साली येथे थॉम्सन नावाच्या गृहस्थाने पाच सेंटांत बसता येईल अशी चढउतारांची गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी सहा मैल, म्हणजे आमच्या गावची बैलगाडी पळवली तर जेमतेम मागे पडेल! पुढे तेथे एकाहून एक झगमगाटी उद्याने उभी राहिली. पण ती होती कोणासाठी? मुख्यतः कारखान्यांत, दुकानांत राबणाऱ्या तरुण स्त्रीपुरुषांसाठी. तान्ह्या बाळांना तेथे एक जागा होती, ती ऐकून मात्र अंगावर काटा येतो. मार्टिन कूनी हा गृहस्थ १९०३ पासून १९४३ पर्यंत तेथे अपुऱ्या दिवसांची बाळे काचेच्या उबदार पेट्यांत ठेवून लोकांना दाखवीत असे. पाहण्याचा दर पंचवीस सेंट. प्रथम वाटते, काय हा निर्लज्जपणा! पण त्या काळी बहुतेक इस्पितळांत अशा पेट्याच नव्हत्या. आईबापांकडून कूनी एक छदामही घेत नसे. दाया, दूध, औषधे यांचा सारा खर्च बघ्यांच्या तिकिटांतून निघे, आणि अशी हजारो बाळे त्याने जगवली. तमाशाच्या तंबूत पाळणा हलत होता, आणि तो खराखुरा पाळणा होता.

आता त्या सुताराचा मुलगा. त्याचे नाव वॉल्ट डिस्ने. मिकी माऊसचा हा जनक लहानपणी फारसा खेळलाच नाही. बापाने कॅन्सस सिटीत वर्तमानपत्रांची लाइन घेतली होती. नऊदहा वर्षांचा वॉल्ट पहाटे साडेतीनला उठून, गुडघाभर बर्फातून घरोघर पेपर टाकीत असे. पुढे नाव झाले, पैसा झाला, दोन मुली झाल्या. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना लॉस एंजलीसच्या ग्रिफिथ पार्कात घेऊन जाई. मुली लाकडी घोड्यांवर गरगर फिरत, आणि वॉल्ट एकटा बाकावर शेंगदाणे खात बसे. तेथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आले, की आईबापांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी अशी एखादी जागा का असू नये? मुलाने आत आणि बापाने बाहेर, असेच का?

या प्रश्नापायी त्याने आपल्या विम्याच्या पॉलिसीवरसुद्धा कर्ज काढले. संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेतली, १९५१ साली टिव्होली पाहून टिपणे केली, आणि एका वर्षात सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून डिस्नेलँड उभे केले. उद्घाटन झाले १७ जुलै १९५५ रोजी, आणि असा फजितवाडा जगात क्वचितच झाला असेल! खोटी निमंत्रणपत्रे छापून हजारो आगंतुक घुसले. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे २८ हजार माणसे जमली. उन्हाने नवे डांबर पाघळून बायकांच्या बुटांच्या टाचा रुतू लागल्या. नळकाम करणाऱ्यांचा संप झाल्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की शौचालये, यांतून एकाचीच निवड करायची होती. वॉल्टने शौचालये निवडली. लहान मूल घेऊन प्रवास केलेला कोणीही बाप त्याला दोष देणार नाही! तरीही पहिल्या वर्षातच पस्तीस लाखांहून अधिक माणसे तेथे येऊन गेली. ग्रिफिथ पार्कातला एक बाक आता त्या उद्यानातच जपून ठेवला आहे.

आपल्याकडेही हे वारे आले. १९५६ साली, म्हणजे डिस्नेलँडनंतर वर्षभरात, पुण्याच्या पेशवे पार्कात ‘फुलराणी’ धावू लागली. त्या इवल्या आगगाडीत बसलेल्या किती पोरांचे आता आजोबा झाले असतील! १९८२ च्या आशियाई खेळांच्या अप्पू हत्तीवरून नाव घेतलेले दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये उघडले आणि २००८ मध्ये बंद झाले. मुंबईच्या गोराईचे एस्सेल वर्ल्ड आमच्या पिढीचे स्वप्न होते. होडीत बसून तेथे जायचे, एवढे ऐकूनच आम्ही गार होत असू. तेही २०२२ साली बंद पडले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले, आणि तिकडेच आमची स्वारी निघणार आहे.

इतके वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की या साऱ्या इतिहासात एक माणूस सगळीकडे आहे आणि कोणत्याही चित्रात तो नाही. तो पाळण्याखाली उभा असतो. त्याच्या हातात पोराच्या चपला असतात.

आमच्या गावच्या भैरोबाच्या जत्रेत मी सहा वर्षांचा असताना असाच माणूस मी वरून पाहिला होता. चार पेट्यांचा तो लाकडी पाळणा करकरत वर जाई, पोटात गोळा येई आणि मी खाली पाही. आप्पा मान वर करून उभे असत. एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हातात धरलेला बत्तासा. “तुम्ही का नाही बसत?” मी विचारी. “मला चक्कर येते रे,” ते सांगत. दरवर्षी प्रश्न तोच आणि उत्तर तेच.

परवा भाऊबीजेचे ठरवायला आत्या आली होती. सहलीचे ऐकून म्हणाली, “बापू येतोय न्हवं?” मी चक्करेचे सांगितले. आत्या पदर तोंडाला लावून हसली. “त्याला चक्कर? आरं, आमराईतल्या शेंड्यावर जाऊन बसायचा! आई खालनं शिव्या द्यायची तरी उतरायचा न्हाई. त्याला कसली चक्कर?”

आप्पा उठून गोठ्यात गेले.

मी बसून राहिलो. त्या साली विहीर आटली होती, सोसायटीचे कर्ज थकले होते, घरात आम्ही तीन भावंडे. पाळण्याच्या एका फेरीला आठ आणे पडत. शाळेत मी मुलांना सांगत असतो, की इतिहासात पुराव्यावाचून विधान करू नये. पण चाळीस वर्षे एक विधान मी पुराव्यावाचून खरे धरून चाललो होतो.

म्हणून बेत पुन्हा मांडला. तिकिटे चार. सगळे पाहायचे ही हाव सोडली. लहान मुलाच्या पायांना दिवसभरात पाचसहा गोष्टी पुष्कळ होतात. सकाळी दार उघडताना पोहोचायचे, दुपारच्या उन्हात सावलीला बसायचे. सईची उंची दोन बोटे कमीच राहिली, तर ते तिला येथे घरीच सांगायचे. रांगेच्या तोंडाशी नव्हे. मोठ्या पाळण्यात आम्ही नवराबायको पाळीपाळीने बसू, चपला सांभाळण्याचीही पाळी लावू. आणि लाकडी घोड्यांवर सर्वांनी मिळून बसायचे. मराठी मावळ्यांच्या वंशजांनी आजवर ही स्वारी का चुकवली, कोण जाणे!

आप्पांना हे सांगितले, तेव्हा ते म्हशीला वैरण घालीत होते. “उगाच पैशाची नासाडी,” म्हणाले. मी काही बोललो नाही. वैरण घालून झाली. त्यांनी हात झटकले आणि म्हशीकडेच पाहत विचारले,

“त्या उंचीच्या पट्टीचं काय म्हणत होतास? म्हाताऱ्या माणसाला काही अट असती का रं?”