विकिपीडिया

आंतरजालावरील बहुभाषिक व मुक्त ज्ञानकोश. त्यातील नोंद वाचणाऱ्या कोणासही ती नोंद दुरुस्त करता येते, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय. ‘विकी’ हा हवाई बेटांच्या भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे. त्याला ‘एनसायक्लोपीडिया’ या शब्दाचा उत्तरभाग जोडून हे नाव तयार करण्यात आले. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या या कोशाच्या आवृत्त्या पुढे तीनशेहून अधिक भाषांत निघाल्या. चूक छापली जाण्यापूर्वीच रोखावी, हा कोशरचनेचा पूर्वापार दंडक. विकिपीडियाने त्याऐवजी चूक कोणासही दिसावी व कोणासही सहज दुरुस्त करता यावी, हे तत्त्व स्वीकारले. सामान्य वाचकांनी हे साधन कसे वापरले, याच्या इतिहासातून या तत्त्वाचे बळ आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट होतात.

पार्श्वभूमी : टिम बर्नर्स-ली (१९५५–  ) यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जागतिक जालाचा प्रस्ताव मांडला. त्यांनी १९९० मध्ये तयार केलेल्या पहिल्या आज्ञावलीत पृष्ठ वाचण्याची व लिहिण्याची अशा दोन्ही सोयी होत्या. १९९३ नंतर जालाचा सर्वसामान्यांत प्रसार झाला, तो मात्र मुख्यतः वाचण्याची सोय असलेल्या मोझेइकसारख्या आज्ञावलींमुळे. परिणामी बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने जाल ही केवळ वाचावयाची गोष्ट झाली. वाचक व लेखक यांच्यातील हा दुरावा कमी करणारे साधन अमेरिकेतील वॉर्ड कनिंगॅम (१९४९–  ) यांनी तयार केले. संगणक-आज्ञावलीकारांनी आपापले अनुभव एकत्र नोंदवावेत, या हेतूने त्यांनी २५ मार्च १९९५ रोजी एक संकेतस्थळ खुले केले. त्याच्या प्रत्येक पृष्ठावर संपादनाची सोय होती व त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नव्हती. होनोलुलू येथील विमानतळावरील बसगाडीच्या नावावरून त्यांनी या साधनास ‘विकी’ हे नाव दिले.

ज्ञानकोशासाठी विकीचा उपयोग प्रथमपासून योजलेला नव्हता. जिमी वेल्स (१९६६–  ) यांनी मार्च २००० मध्ये न्यूपीडिया हा आंतरजालीय कोश सुरू केला व त्याच्या मुख्य संपादकपदी लॅरी सँगर (१९६८–  ) यांची नेमणूक केली. तज्ञांनी लिहिलेला प्रत्येक लेख परीक्षणाच्या सात टप्प्यांतून जाईल, अशी त्याची योजना होती. ही पद्धत काटेकोर असली, तरी अतिशय संथ ठरली. २००३ मध्ये न्यूपीडिया बंद पडेपर्यंत त्यात पूर्ण झालेले लेख सु. २५ च होते. लेखांचे कच्चे मसुदे जलद मिळावेत, म्हणून सँगर यांनी जानेवारी २००१ मध्ये विकीचा उपयोग सुचविला. न्यूपीडियाच्या परीक्षकांना ही कल्पना फारशी रुचली नाही आणि त्यामुळे विकिपीडियासाठी स्वतंत्र संकेतस्थळ काढण्यात आले. वर्षअखेरीस त्यात सु. २०,००० नोंदी झाल्या होत्या व अठरा भाषांत काम सुरू झाले होते. मसुद्यांसाठी काढलेला उपकोश अशा रीतीने मूळ कोशाच्या पुढे गेला.

लेखनाची मालकी कोणाकडे असावी, हा प्रश्न लवकरच उद्‌भवला. संकेतस्थळावर जाहिराती येण्याची शक्यता दिसताच फेब्रुवारी २००२ मध्ये स्पॅनिश आवृत्तीच्या अनेक लेखकांनी आपला मजकूर घेऊन सेव्हिल विद्यापीठाच्या संगणकावर वेगळा कोश उभा केला. मजकुराची प्रत घेण्याचा व ती बदलण्याचा हक्क परवान्यानेच सर्वांना दिलेला असल्यामुळे हे कायदेशीर होते. त्याच वर्षी विकिपीडियाचा पत्ता व्यापारी संकेतस्थळांच्या वर्गातून काढून संस्थांच्या वर्गात नेण्यात आला आणि जून २००३ मध्ये विकिमीडिया फाउंडेशन ही नफा न कमावणारी संस्था स्थापन झाली. कोशाचा खर्च तेव्हापासून प्रामुख्याने देणग्यांतून चालतो. विनामोबदला लिहिणाऱ्यांना आपले काम घेऊन निघून जाता येते, या वस्तुस्थितीचा चालकांवर पडणारा वचक या घटनेतून दिसून आला.

कार्यपद्धती : प्रत्येक नोंदीला मुख्य पृष्ठाखेरीज ‘इतिहास’ व ‘चर्चा’ अशी दोन पृष्ठे असतात. इतिहासाच्या पृष्ठावर कोणता बदल केव्हा व कोणत्या नावाने झाला, याची नोंद राहते व जुना पाठ क्षणात परत आणता येतो. मजकूर बिघडविण्यास जेवढे श्रम पडतात, त्याहून तो पूर्ववत करण्यास कमी पडतात; या साध्या व्यवस्थेवर सर्व पद्धती आधारलेली आहे. वादाचे मुद्दे चर्चेच्या पृष्ठावर मांडले जातात. निःपक्षपाती मांडणी, प्रकाशित साधनांचा आधार व स्वतःचे नवे संशोधन न घालणे हे तीन नियम पायाभूत मानले जातात. बहुतेक लोक एखादे शुद्धलेखन, एखादे साल किंवा आपल्या गावाच्या नोंदीतील एखादा तपशील दुरुस्त करून थांबतात, काहीजण छायाचित्रे देतात. दीर्घ लेखन व सततची देखरेख मात्र तुलनेने थोडेच लोक करतात. पृष्ठे काढून टाकणे, उपद्रवी सदस्यांस रोखणे यांसारखे अधिकार असलेले प्रचालकही सदस्यांतूनच निवडले जातात.

विश्वसनीयता : या पद्धतीची कसोटी २००५ मध्ये दोन प्रकारे लागली. अमेरिकन पत्रकार जॉन सिगेनथॅलर (१९२७–२०१४) यांच्याविषयीच्या नोंदीत केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा खोटा मजकूर मे महिन्यात कोणीतरी घातला व तो सु. चार महिने तसाच राहिला. सिगेनथॅलर यांनी नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रात लेख लिहून ही गोष्ट उघड केली. त्यानंतर इंग्रजी आवृत्तीत नवी नोंद सुरू करण्यासाठी सदस्यत्व आवश्यक ठरविण्यात आले. याउलट डिसेंबरमध्ये नेचर या नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ञांकडून तपासून घेतल्या, तेव्हा विकिपीडियात १६२, तर एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकात १२३ लहानमोठ्या चुका आढळल्या. गंभीर चुका दोहोंत प्रत्येकी चार होत्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले. नेचरने ते मान्य केले नाहीत. या दोन घटना परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांचा उलगडा एकच आहे. ज्या नोंदींवर अनेक जाणकारांची नजर होती, त्या सुधारत गेल्या. ज्या नोंदीकडे कोणाचेच लक्ष नव्हते, तीत असत्य टिकून राहिले.

वाचकांचे हे लक्ष सर्वत्र सारखे नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लेखन करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सु. १३ टक्केच आढळले. भाषांच्या बाबतीत ही विषमता अधिक ठळकपणे दिसते. फिलिपीन्समधील सेबुआनो भाषेच्या आवृत्तीत ५० लाखांहून अधिक नोंदी आहेत. पण त्यांपैकी बहुतेक एका संगणकीय आज्ञावलीने आपोआप तयार केलेल्या असल्याने त्या संख्येवरून लेखकवर्गाची कल्पना येत नाही. स्कॉट्स भाषेतील हजारो नोंदी ती भाषा न जाणणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने लिहिल्या असल्याचे २०२० मध्ये उघडकीस आले. तोवर अनेक वर्षे ते कोणी अडविले नव्हते. क्रोएशियन आवृत्तीवर प्रचालकांच्या एका लहान गटाने ताबा मिळवून दुसऱ्या महायुद्धकाळातील उस्ताशा राजवटीचे अत्याचार सौम्य करून मांडले. २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना या आवृत्तीपासून सावध राहण्यास सांगितले. तथापि त्या गटाचे वर्चस्व संपण्यास आणखी काही वर्षे लागली. दार सर्वांना उघडे असले, तरी आत येणारे थोडेच असतील, तर त्या थोड्यांचीच सत्ता चालते, असे या उदाहरणांवरून दिसते.

मराठीतील विकिपीडिया : मराठीत कोशरचनेची परंपरा समृद्ध आहे. श्री. व्यं. केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश हे तिचे महत्त्वाचे टप्पे होत. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. त्या काळी बहुतेक संगणकांवर देवनागरी अक्षरे नीट उमटत नसत व ती टंकित करण्याची सोयही अनेकांस माहीत नव्हती. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीचा प्रसार झाल्यावर आणि पुढे भ्रमणध्वनीवर मराठी लिहिणे सुलभ झाल्यावर ही अडचण बरीच दूर झाली. नोंदींची संख्या वाढत गेली, तरी आठ कोटींहून अधिक भाषिक असलेल्या या भाषेत नियमित लेखन करणारे मात्र थोडेच राहिले.

दुसरी अडचण आधाराच्या नियमातून निर्माण होते. प्रत्येक विधानास प्रकाशित साधन हवे, या नियमामुळे निराधार मजकुरास आळा बसतो. परंतु जे ज्ञान छापले गेले नाही, ते कोशाबाहेर राहते. कोळी, विणकर, शेतकरी यांच्या व्यवसायातील शब्द व रीती, गावांचा मौखिक इतिहास, स्त्रियांची जात्यावरील गीते यांपैकी जेवढे संग्राहकांनी पूर्वी छापून ठेवले, तेवढेच आधार म्हणून देता येते. म्हणून सामूहिक कोशाने तज्ञांचे कोश व ग्रंथसंग्रह अनावश्यक ठरत नाहीत. उलट त्यांच्याच पायावर तो उभा राहतो. मराठीपुरते पाहता, साधने आता सर्वांच्या हाती आहेत. नोंदींचा खरेपणा यापुढे ती वाचून तपासणारे व चूक दिसताच सुधारणारे वाचक किती निघतात, यावर अवलंबून राहील.