दाखवणारे आणि पाहणारे : पिरॅमिडपासून वेरूळपर्यंत

पैसे भरून, जथ्याने, वाटाड्याच्या मागे मागे जुन्या इमारती पाहत फिरायचे ही इंग्रजांनी काढलेली टूम आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते. थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने 1869 साली पर्यटकांचा पहिला जथा इजिप्तला नेला आणि नाईल नदीवरून फिरवला. सुएझ कालवाही त्याच वर्षी खुला झाला. पुढे 1886 मध्ये हिंदुस्थान सरकारने हज यात्रेकरूंच्या प्रवासाचे काम याच कुक कंपनीकडे सोपवले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणजे पिरॅमिड दाखवणारे आणि आमच्या पणजोबांच्या पिढीला जिद्द्याला पोहोचवणारे एकच! ती मूळ इंग्रजी कंपनी 2019 मध्ये बुडाली. पिरॅमिड मात्र जागच्या जागी आहेत.

पण पाहण्याची आणि दाखवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि मुसलमानांच्या तवारीखेत तिचे मोठे दाखले आहेत. जमिनीवर फिरा आणि तुमच्या आधीच्या कौमांचे काय झाले ते पाहा, ही ताकीद आपल्याला लहानपणापासून ऐकवली जाते. त्यासाठी शब्द आहे 'इबरत'. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. बोध म्हटले तर ते फारच शाळकरी होते, आणि आम्ही स्वतः शाळामास्तर असूनही तसे म्हणवत नाही. पडक्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर माणूस थोडा वेळ गप्प होतो, ते गप्प होणे इबरतीत येते.

अब्दुल लतीफ बगदादी हे बाराव्या-तेराव्या शतकातले हकीम. सन 1200 च्या सुमारास ते कैरोत होते. तिथल्या भीषण दुष्काळात माणसांच्या हाडांचे ढीग पडले होते. ती हाडे हातात घेऊन त्यांनी तपासली आणि जालीनूससारख्या थोर यूनानी हकिमाने खालच्या जबड्याविषयी लिहिलेले चुकीचे आहे, तो जबडा दोन हाडांचा नसून एकच हाड आहे, असे सांगितले. किताबात काय लिहिले आहे यापेक्षा डोळ्यांनी काय दिसते याला मान देणारा हा माणूस. त्याच नजरेने त्यांनी पिरॅमिड पाहिले, स्फिंक्स पाहिला आणि त्या दगडी चेहऱ्याच्या प्रमाणबद्धतेची मनापासून तारीफ केली.

पिरॅमिडच्या संदर्भात त्यांनी नोंदवलेली एक हकीकत आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. सलाहुद्दीन अय्यूबीचा मुलगा मलिक अल-अजीज उस्मान 1196 च्या सुमारास इजिप्तच्या तख्तावर होता. पिरॅमिड पाडून टाकावेत असे काही दरबाऱ्यांनी त्याच्या मनात भरवले. तिघांपैकी सर्वांत लहान पिरॅमिडपासून काम सुरू झाले. बेलदार, खोदकाम करणारे, पहारी, दोरखंड, सगळा लवाजमा तिथे मुक्काम ठोकून होता. दिवसभर मरमर करून एखाद-दुसरा दगड निघायचा, तो खाली कोसळून वाळूत रुतायचा, मग त्याला तिथून काढून फोडायचे. आठ महिने हे चालले. शेवटी पैसा संपला, माणसे थकली आणि काम सोडून द्यावे लागले. त्या पिरॅमिडच्या उत्तर अंगावरची उभी खाच आजही दिसते. बगदादींनी या उद्योगाला सरळ सरळ जहालत म्हटले आहे. जुन्या इमारती म्हणजे गेलेल्या लोकांचे पुरावे, आणि आधीच्या बादशहांनी, त्या लोकांशी वैर असतानाही, हे पुरावे जपले होते, असे त्यांचे म्हणणे. पाडायला निघालेला सुलतान मुसलमान होता आणि त्याला जाहिल ठरवणारा हकीमही मुसलमान होता, हे मुलांना आम्ही मुद्दाम दोनदा सांगतो.

दुसरा प्रवासी इब्न बतूता. तो आमच्या जवळचा, कारण तो आमच्या दौलताबादला येऊन गेला. सन 1342 मध्ये मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असताना तो देवगिरीच्या त्या किल्ल्याविषयी लिहून गेला. तिथल्या तळघरातल्या कैदखान्यात मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरेच त्यांना भिऊन पळतात, असे तो सांगतो. गाणाऱ्यांच्या 'तरबाबाद' नावाच्या बाजाराचेही वर्णन त्याने केले आहे. याच इब्न बतूताने पिरॅमिड शंकूसारखे गोल असल्याचे लिहून ठेवले आहे! चौकोनी पायाची ती इमारत त्याने प्रत्यक्ष पाहिली असती तर असे लिहिलेच नसते. कुणीतरी सांगितले आणि त्याने टिपून घेतले. एवढा मोठा सय्याह, पण दाखवणाऱ्यावर विसंबला की काय होते त्याचा हा नमुना.

आता वेरूळकडे येऊ. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. शैक्षणिक सहलीची चिठ्ठी घरी गेली की दरवर्षी एखादे पालक येतातच. "सर, खुलताबाद ठीक है, मगर वेरूल में बच्चों को क्या दिखाते?" त्यांच्या बोलण्यात राग नसतो, काळजी असते. त्यांना आम्ही मजहबी वाद घालून उत्तर देत नाही. आपल्याच बुजुर्गांनी वेरूळ कसे पाहिले ते फक्त सांगतो.

रफीउद्दीन शिराजी हे विजापूरच्या आदिलशाही दरबारातले इराणी गृहस्थ. 1608 ते 1612 या काळात त्यांनी 'तजकिरतुल मुलूक' हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात वेरूळचे सविस्तर वर्णन आहे आणि त्यांना वेरूळ पाहून आठवले ते आपल्या मुलखातले तख्ते-जमशीद. कैलासाला त्यांनी जुन्या राजाचा वाडा मानले आणि मूर्तींमध्ये त्याचा दरबार पाहिला. हा अर्थ चुकला, यात शंका नाही. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट कृष्ण राजाच्या नावाशी जोडले जाणारे ते शिवाचे देऊळ आहे. परंतु शिराजींच्या लिहिण्यात तिरस्काराचा एक शब्द नाही, आहे ती हैरत. आणि ज्या औरंगजेबाचे नाव काढले की आज आवाज चढतात त्याच्या कारकिर्दीचा इतिहास, साकी मुस्तैद खानाचा 'मआसिरे आलमगीरी', तोही वेरूळविषयी बोलताना त्या कारागिरीला खऱ्या कारागिराच्या, म्हणजे अल्लाहच्या, कुदरतीचा करिश्मा म्हणतो. याच ग्रंथात देवळे पाडल्याच्या नोंदीही आहेत. आम्ही दोन्ही सांगतो. एक सांगून दुसरे गाळणे हा धंदा इतरांनी केला तर तो आपणही करावा असे थोडेच आहे?

अजिंठ्याची गोष्ट वेगळी. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज फौजी अधिकाऱ्याला ही लेणी 'सापडली' आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचे नाव कोरून ठेवले. आज एखाद्या पोराने असे केले तर आपण त्याचा कान धरू. त्यानंतर मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे तिथे बसून चित्रांच्या नकला केल्या, त्या 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच 1885 मध्ये लंडनमध्येच जळाल्या. मूळ चित्रे मात्र निजामाच्या मुलखात डोंगरात होती म्हणून राहिली, पण तीही धुराने, वटवाघळांनी आणि ओलीने खराब होत होती.

1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम या चित्रकार बाई नकला करायला आल्या. त्यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस होते, हे कलेच्या प्रत्येक पुस्तकात असते. हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हेही होते, हे क्वचितच कुठे असते. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे क्युरेटर झाले. बुद्धाची चित्रे सांभाळणे ही ज्याची नोकरी, असा हा मुसलमान चित्रकार.

1914 मध्ये हैदराबाद संस्थानात पुराणवस्तू खाते सुरू झाले आणि त्याची सूत्रे गुलाम यजदानी यांच्याकडे आली. यजदानी दिल्लीचे, अरबी-फारसीचे जाणकार. शिलालेख वाचण्यात त्यांचा हातखंडा. अशा माणसाने दर्गे आणि मशिदींपुरते काम केले असते तरी कुणी बोट ठेवले नसते. त्यांनी अजिंठा हाती घेतला. 1920 ते 1922 दरम्यान निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी पक्का केला आणि चित्रे साफ केली. त्यांनी वापरलेली लाख पुढे पिवळी पडली आणि नंतरच्या तज्ज्ञांना ती काढत बसावी लागली, हेही खरे. पण त्या वेळी हात लावला नसता तर काढायला लाख आणि पाहायला चित्र, दोन्ही उरले नसते. यजदानींनी अजिंठ्यावरचे चार खंड 1930 ते 1955 या काळात प्रसिद्ध केले. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या खंडाच्या मधल्या काळात निजामाचे राज्य गेले, पोलीस अ‍ॅक्शन झाली, देश बदलला, आणि हे गृहस्थ भिंतीवरच्या जातककथांचे वर्णन पुरे करत राहिले. 1959 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, 1962 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. आमच्या मुलांना हे नाव ठाऊक नसते. खरे तर मास्तरांनाही नसते.

आजची ठरीव सहल कशी असते? वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, हे गणित सांभाळून बस निघते. आधी दौलताबाद, मग घृष्णेश्वर, वेरूळ, खुलताबाद, परतताना बीबी का मकबरा आणि शेवटी पाणचक्की. मध्ये हिमरूचे दुकान लागते, तिथे गाईडसाहेब चहा घेतात आणि बाया-माणसे शाली पाहतात. गाईड लोकांविषयी आमची तक्रार नाही. कुणी फ्रेंच बोलतो, कुणी जपानी. वेरूळच्या अंधाऱ्या लेण्यांत आरशाने ऊन फेकून मूर्तीचा चेहरा उजळवण्याची जी युक्ती इथली माणसे करत आली, तिला तोड नाही. दौलताबादच्या अंधेरीत मशाल विझवून शत्रूचे काय हाल होत ते सांगताना पोरे एकमेकांचे हात घट्ट धरतात. तक्रार आहे ती पाठ केलेल्या वाक्यांविषयी.

मकबऱ्यापुढे पहिले वाक्य ठरलेले: ही ताजमहालची स्वस्तातली नक्कल. दिलरस बानो बेगमच्या या मकबऱ्यावर स्थपती अताउल्लाह आणि कामाचे जाणकार हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत. अताउल्लाह हे ताजमहालाचे उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. बापाच्या कामाची छाया मुलाच्या कामात दिसली तर तिला नक्कल म्हणायचे की घराण्याची शैली? आणि एका मुसलमान आणि एका हिंदूचे नाव एकाच दारावर, हे सांगायला दहा सेकंदही लागत नाहीत.

दौलताबादच्या भारतमाता मंदिरापुढे बहुतेक गाईड थांबून पुढे सरकतात. ती इमारत चौदाव्या शतकात कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने बांधलेली जामा मशीद. तिचे खांब त्याहून जुन्या देवळांचे. 1948 नंतर तिथे भारतमातेची मूर्ती आली. तीन अवस्था एकाच छताखाली. यातली एकच सांगणारे दोन्ही बाजूंना भेटतात. आम्ही मुलांना खांबांवरचे नक्षीकाम हाताने न लावता डोळ्यांनी मोजायला सांगतो, उत्तर ती स्वतः काढतात.

खुलताबादला दाखवण्याची रीत कुकसाहेबांच्या शंभर वर्षे आधीची. मीर गुलाम अली आजाद बिलग्रामी औरंगाबादेत बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे आजच्या पाणचक्कीत, राहिले आणि त्यांनी खुलताबादच्या औलियांवर 'रौजतुल औलिया' हा फारसी ग्रंथ लिहिला. बुऱ्हानुद्दीन गरीब, जर जरी जर बक्ष, जैनुद्दीन शिराजी, अमीर हसन सिजजी, कोण कुठे निजले आहे आणि का, हे सगळे त्यात येते. 1786 मध्ये आजादही तिथेच दफन झाले. सहलीची बस त्यांच्या कबरीपाशी जात नाही.

ती जाते औरंगजेबाच्या कबरीपाशी. जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारातली उघडी मातीची कबर. भोवतालची संगमरवरी जाळी लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामाने नंतर बसवलेली. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांची गोष्ट इथे हमखास सांगितली जाते. मार्च 2025 मध्ये ही कबर उखडून टाकावी अशी मागणी जोरात झाली, 17 मार्चला नागपुरात दंगल उसळली, कबरीभोवती बंदोबस्त वाढवावा लागला. आम्ही औरंगजेबाचे वकील नाही. त्याने 1689 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना हाल हाल करून मारले, ते कुणाही माणसाला सुन्न करणारे आहे आणि उर्दू शाळेतही ते तसेच शिकवले पाहिजे. पण त्याच संभाजी महाराजांचे चिरंजीव शाहू महाराज 1707 मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर खुलताबादला या कबरीपाशी येऊन गेले, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. ज्याच्या बापाचा खून झाला तो येऊन गेला. आणि आठ महिने पिरॅमिड फोडणाऱ्या सुलतानाच्या हाती काय लागले ते बगदादींनी लिहून ठेवलेच आहे.

या वर्षी आम्ही सहलीच्या कार्यक्रमात एक थांबा वाढवला. खुलताबादेतच मलिक अंबरचा मकबरा आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, तेच आमचे शहर, ज्याचे नाव 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि मोगल-विजापूरच्या फौजा हरल्या. त्याने बांधलेल्या नहरींचे पाणी शहराने शतकानुशतके प्यायले. सहलीच्या बसवाल्याला हा मकबरा ठाऊक नव्हता. रस्ता आठवीतल्या एका मुलीने दाखवला, तिची नानी खुलताबादची.